परक्या नावांचे महिने : हिब्रू पंचांगाची कथा

१/
तुर्कस्तानात जुलै महिन्याला ‘तेम्मूज’ म्हणतात. इराक आणि सीरियात त्याच महिन्याचे नाव ‘तम्मूज’. ज्यू पंचांगात भर उन्हाळ्यात येणारा चौथा महिनाही ‘तम्मूज’च. भाषा तीन, नाव एक. हे नाव मुळात ज्याचे, तो दुमुझी हा प्राचीन सुमेरमधील मेंढपाळ देव. तो अकाली मृत्यू पावून पाताळात जातो, अशी कथा होती आणि त्याच्यासाठी दरवर्षी उन्हाळ्यात स्त्रिया शोक करीत.

२/
ज्यू धर्म कडकडीत एकेश्वरवादी. अन्य दैवतांची नावे तोंडीसुद्धा येऊ देऊ नयेत, अशी आज्ञा ‘निर्गम’ या ग्रंथात आहे. जेरुसलेमच्या मंदिराच्या दाराशी बसून स्त्रिया तम्मूजसाठी रडत आहेत, हे दृश्य यहेज्केल संदेष्ट्याने अत्यंत अमंगळ कृत्यांत गणले. मग त्याच देवाचे नाव ज्यूंच्या पंचांगात शिरले कसे? आणि शिरले ते अडीच हजार वर्षे टिकले कसे? या प्रश्नाचा माग काढणारा हा धागा.

३/
सुरुवात बॅबिलोनपूर्वीच्या काळापासून करावी लागते. १९०८ साली गेझेर येथील उत्खननात तळहातावर मावेल एवढा चुनखडीचा एक तुकडा सापडला. तो इ.स.पू. दहाव्या शतकातील मानला जातो. त्यावर वर्षाचे बारा महिने कोरले आहेत, पण एकाही महिन्याला विशेषनाम नाही. दोन महिने फळे गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवसाचा, एक सातूच्या कापणीचा, एक कापणी व मोजणीचा, दोन द्राक्षवेलींचे आणि शेवटचा उन्हाळी फळांचा. शेतातील कामे हेच त्या शेतकऱ्यांचे पंचांग होते. गेझेर तेव्हा उस्मानी साम्राज्यात असल्याने हा तुकडा आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

४/
बायबलच्या जुन्या करारात महिन्यांची केवळ चार जुनी नावे उरली आहेत. ‘अवीव’ म्हणजे सातूची कोवळी कणसे भरण्याचा महिना. आजच्या हिब्रूत अवीव म्हणजे वसंत. ‘झिव’ म्हणजे तेज, बहर. ‘एथानीम’ म्हणजे न आटणारे प्रवाह. चौथे नाव ‘बूल’. शेवटची तीन नावे येतात ती शलमोन राजाच्या मंदिराच्या बांधकामाच्या वर्णनात.

५/
या तीन नावांजवळ एक बारकावा दडलेला आहे. ‘राजे’ या ग्रंथाचा लेखक झिव म्हटल्यावर लगेच ‘म्हणजे दुसरा महिना’ असा खुलासा करतो. बूलचा खुलासा आठवा महिना, एथानीमचा सातवा. खुलासा करावा लागतो तो वाचकाला नाव ओळखीचे नसते तेव्हाच. ग्रंथ सिद्ध होईपर्यंत ही नावे विस्मरणात चालली होती, हे यावरून दिसते. शिवाय ती केवळ हिब्रू भाषकांचीही नव्हती. सिदोनचा फिनिशियन राजा एश्मुनझार याच्या शवपेटीवरील लेखाची सुरुवातच बूल महिन्याच्या उल्लेखाने होते. हा कनान प्रदेशाचा सामाईक ठेवा होता.

६/
जुन्या करारात बहुतेक ठिकाणी महिने केवळ क्रमांकाने येतात : पहिला महिना, दुसरा महिना, सातवा महिना. ही मोजणी सुरू होते वसंतापासून. इजिप्तच्या दास्यातून सुटका झाली तो महिना वर्षाचा पहिला, असे ‘निर्गम’च्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे ‘सातवा महिना’ एवढे शब्द उच्चारले, तरी सुटकेपासूनचा सातवा असा अर्थ त्यात आपोआप येई. या साध्या आकड्यांत एका समाजाची आठवण साठवलेली होती.

७/
मग बॅबिलोनचे संकट कोसळले. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेम घेतले आणि यहूदाचा राजा यहोयाखीन याला दरबारी व कारागिरांसह बॅबिलोनला नेले. पुढे इ.स.पू. ५८६च्या सुमारास शहराची तटबंदी फुटली, मंदिर जळाले आणि आणखी लोक देशोधडीला लागले. बॅबिलोनच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर बंदिवान यहोयाखीनला मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आढळते. राजाची ही गत, तर प्रजेची काय असणार?

८/
प्रजेचे उत्तरही मातीच्या पाट्यांवरच मिळते. बॅबिलोनियाच्या ग्रामीण भागात ‘अल-याहूदू’, म्हणजे यहूदाचे गाव, अशी एक वसाहत होती. तेथील इ.स.पू. ५७२ पासून पुढच्या सुमारे शतकभराच्या पाट्या उपलब्ध आहेत. कर, कर्ज, भाडेपट्टे, खरेदी-विक्री असा सगळा संसारी व्यवहार त्यांत दिसतो. व्यक्तींची नावे हिब्रू, लिपी कीलाकार आणि महिने बॅबिलोनी. सावकाराचे देणे ज्या महिन्यात फेडायचे, त्या महिन्याचे नाव सावकाराच्याच भाषेत ठाऊक असावे लागते. कोणी सक्ती केल्याचा पुरावा नाही. व्यवहारानेच ती केली.

९/
बॅबिलोनी नावे आणि त्यांची हिब्रू रूपे शेजारी मांडली की नाते लपत नाही :

निसन्नू – निसान
अय्यारू – इय्यार
सिमानू – सिवान
दुऊझू – तम्मूज
अबू – आव
उलूलू – एलूल
तश्रीतू – तिश्री
अरहसम्नू – मरहेश्वान
किस्लिमू – किस्लेव
तेबेतू – तेवेत
शबातू – शेवात
अद्दारू – अदार

पहिला निसान मार्च-एप्रिलमध्ये येतो. पुढचे महिने त्याच क्रमाने.

१०/
या यादीत एक भाषाशास्त्रीय खूण आहे. सिमानूचा सिवान झाला, किस्लिमूचा किस्लेव. म्हणजे ‘म’च्या जागी ‘व’ आला. उत्तरकालीन बॅबिलोनी बोलीत दोन स्वरांमधील ‘म’ हा ‘व’सारखा उच्चारला जाई, लिहिताना मात्र ‘म’च लिहीत. हिब्रू रूपे लिखाणाप्रमाणे नसून उच्चाराप्रमाणे आहेत. कुण्या पंडिताने पाट्या वाचून ही नावे उचलली नाहीत. ती बाजारात, शेतात, कालव्यांच्या काठी कानांवर पडत गेली आणि तोंडी बसली.

११/
मरहेश्वानची गंमत याहून मोठी. मूळ बॅबिलोनी ‘वरख सम्नू’ म्हणजे शब्दशः ‘आठवा महिना’. मूळ अर्थ विसरला गेल्यावर ‘मर’ हा भाग लोकांना हिब्रूतील ‘कडू’ या अर्थाच्या शब्दासारखा वाटू लागला. या महिन्यात एकही सण नाही, म्हणून तो कडू महिना, अशी व्युत्पत्ती सांगितली जाऊ लागली. मग ‘मर’ गाळून नुसते ‘हेश्वान’ म्हणण्याचीही रीत पडली. आकड्यांनी महिने मोजणाऱ्या समाजाने आकडाच असलेले परके नाव घेतले आणि त्यातला आकडा मात्र तो विसरला.

१२/
इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बॅबिलोन जिंकले आणि ज्यूंच्या परतीची वाट मोकळी झाली. परतलेल्यांच्या लिखाणात हे संक्रमण स्पष्ट दिसते. जखऱ्या संदेष्टा दारयवहू राजाच्या दुसऱ्या वर्षाची तारीख देताना अकरावा महिना सांगतो आणि पुढे ‘शेवात’ हे नाव जोडतो. ‘एस्तेर’ ग्रंथात दहावा महिना आणि तेवेत जोडीने येतात. नहेम्या तर शूशन येथील इराणी दरबारातला चाकर. तो किस्लेव, निसान, एलूल अशी नुसती नावेच वापरतो. आकडा, मग आकडा आणि नाव, मग केवळ नाव. तरीही जुन्या करारात बारांपैकी सातच नावे आली आहेत. तम्मूज त्यांत नाही.

१३/
तम्मूज महिन्याचे नाव एका ज्यू लेखणीतून उतरलेले दिसते ते दूर इजिप्तमध्ये. नाईल नदीतील एलेफन्टाइन बेटावर इराणी साम्राज्याच्या चाकरीत असलेल्या ज्यू सैनिकांची वसाहत होती. तेथील त्यांचे मंदिर उद्ध्वस्त करण्यात आले. ते पुन्हा बांधू द्यावे, म्हणून इ.स.पू. ४०७ मध्ये त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला अरेमाइक भाषेत अर्ज लिहिला. मंदिर पाडले गेले ते दारयवहू राजाच्या चौदाव्या वर्षी, तम्मूज महिन्यात, असे त्यात नमूद आहे. देवाच्या मंदिरासाठी गाऱ्हाणे मांडणाऱ्यांना तारखेतील हे नाव खटकलेले दिसत नाही. ते एव्हाना केवळ महिन्याचे नाव झाले होते.

१४/
हीच नावे अरबी आणि तुर्की जगात का आढळतात, याचेही उत्तर येथेच आहे. इराणी साम्राज्याने राज्यकारभारासाठी अरेमाइक भाषा वापरली आणि तिच्यासोबत बॅबिलोनी महिने दूरवर पोहोचवले. साम्राज्य संपले, पण नावे उरली. तुर्कीत आजही एप्रिल म्हणजे ‘निसान’, सप्टेंबर ‘एयलूल’ आणि फेब्रुवारी ‘शुबात’. १४ जुलै १९५८ रोजी इराकमध्ये राजेशाही उलथवली गेली. ती घटना तेथे ‘१४ तम्मूज’ची क्रांती म्हणून ओळखली जाते.

१५/
ज्यू विद्वानांना ही उसनवारी ठाऊक नव्हती काय? चांगलीच ठाऊक होती. महिन्यांची नावे बॅबिलोनहून आपल्याबरोबर आली, असे जेरुसलेम तालमूदमध्ये स्वच्छ नोंदवले आहे. तेराव्या शतकातील स्पेनमधील भाष्यकार मोशे बेन नहमान याने त्यामागची संगती लावली. क्रमांक इजिप्तमधून झालेल्या सुटकेचे स्मरण देत. बॅबिलोनी नावे बॅबिलोनमधून झालेल्या सुटकेचे स्मरण देतात, असे त्याचे म्हणणे. हे स्पष्टीकरण घटनेनंतर सुमारे अठराशे वर्षांनी आलेले आहे, त्यामुळे नावे स्वीकारणाऱ्या पिढीच्या मनात हेच होते असे म्हणता येत नाही. परंतु परके नाव आपलेसे कसे केले जाते, याचा तो उत्तम नमुना आहे.

१६/
नावे उसनी घेतली, पण महिना केव्हा सुरू होतो हे ठरवण्याचा अधिकार ज्यूंनी सोडला नाही. ‘मिश्ना’ या संहितेत त्याची पद्धत वर्णिली आहे. नवी चंद्रकोर पाहिलेल्या साक्षीदारांनी न्यायमंडळापुढे यायचे. त्यांची उलटतपासणी व्हायची : कोर किती उंच होती, कोणत्या बाजूला झुकली होती? साक्ष पटली की महिना जाहीर होई. मग डोंगरमाथ्यांवर मशाली पेटवून ती वार्ता बॅबिलोनियापर्यंत पोहोचवली जाई. विरोधी शोमरोनी पंथाने खोट्या मशाली पेटवून घोटाळा केल्यावर ही पद्धत सोडून निरोपे धाडले जाऊ लागले.

१७/
हा अधिकार किती गांभीर्याने घेतला जाई, याची मिश्नामधील एक कथा प्रसिद्ध आहे. जेरुसलेमचे दुसरे मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळले, त्यानंतरच्या पिढीतली ही घटना. न्यायमंडळाचा प्रमुख रब्बान गमलिएल याने दोन साक्षीदारांची साक्ष मान्य केली. रब्बी यहोशुआच्या मते ती साक्ष उघडच खोटी होती. महिन्याची प्रतिपदा एक दिवस सरकली, म्हणजे योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा, वर्षातला सर्वांत पवित्र दिवसही सरकला. गमलिएलने हुकूम पाठवला : तुझ्या गणिताप्रमाणे ज्या दिवशी योम किप्पूर येतो, त्या दिवशी हातात काठी आणि कनवटीला पैसे घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे स्वतःच्या मते परम पवित्र असलेला दिवस यहोशुआने सर्वांदेखत मोडायचा.

१८/
यहोशुआ व्यथित झाला. रब्बी अकीवाने त्याची समजूत घातली की सण हे न्यायमंडळ जाहीर करील तेव्हाच असतात, वेळ चुकलेली असो वा बरोबर. यहोशुआ काठी आणि पैसे घेऊन गेला. गमलिएल उठून उभा राहिला, त्याने यहोशुआच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि ज्ञानाने गुरू, आज्ञापालनाने शिष्य, असे म्हणून त्याचे स्वागत केले. राज्य गेले, मंदिर गेले. विखुरलेल्या समाजाला एकत्र बांधणारे जे उरले होते, त्यात पंचांग होते. एकाने एका दिवशी उपवास करावा आणि दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी, हे त्या समाजाला परवडणारे नव्हते.

१९/
पंचांगाचे गणित मराठी वाचकाला परके वाटणार नाही. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. वल्हांडण सण वसंतातच आला पाहिजे, म्हणून अधिक महिना घालावा लागतो. आपल्याकडे अधिक मास चैत्र, ज्येष्ठ, श्रावण असा वेगवेगळ्या ठिकाणी येतो. हिब्रू पंचांगात तो नेहमी अदारच. त्या वर्षी पहिला अदार आणि दुसरा अदार असे दोन महिने होतात. पूर्वी सातूचे पीक आणि ऋतुमान पाहून न्यायमंडळ हा निर्णय घेई. पुढे १९ वर्षांत ७ अधिक महिने हे चक्र स्थिर झाले. हे चक्रही बॅबिलोनच्या ज्योतिर्विदांनी त्याआधीच रुळवलेले होते.

२०/
साक्षीदारांच्या जागी गणित आले ते हळूहळू. परंपरा याचे श्रेय दुसऱ्या हिल्लेलला देते आणि साल सांगते इ.स. ३५८-५९. प्रत्यक्षात नियम पक्के होण्यास त्यानंतरही काही शतके लागली. या गणितात तासाचे १०८० भाग केले जातात आणि एक चांद्रमास २९ दिवस, १२ तास, ७९३ भागांचा धरला जातो. हाच आकडा बॅबिलोनी खगोलशास्त्राच्या कीलाकार पाट्यांवर आणि टॉलेमीच्या ग्रंथातही आहे. नावांपाठोपाठ चंद्राचे मापही बॅबिलोनचेच ठरले.

२१/
गणित आले तरी वाद संपला नाही. इ.स. ९२१-२२ मध्ये पॅलेस्टाइनचा विद्वान बेन मेइर आणि बॅबिलोनियाच्या बाजूने सादिया यांच्यात ६४२ भागांवरून, म्हणजे सुमारे ३६ मिनिटांवरून, संघर्ष पेटला. परिणामी ९२२ साली काही ज्यूंचा वल्हांडण रविवारी झाला, तर काहींचा मंगळवारी. अखेर सादियाची बाजू टिकली. महिना ठरवण्याचा जो अधिकार पवित्र भूमीने शतकानुशतके जपला होता, त्याबाबत शेवटचा शब्द बॅबिलोनियातील ज्यूंचा ठरला.

२२/
आता एक वळण थेट कोकणात. रायगड जिल्ह्यातील गावांत तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा बेने इस्रायल समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. मुख्य ज्यू जगापासून दीर्घकाळ तुटलेल्या या समाजाने सण जपले, पण त्यांची नावे मराठी झाली. तिश्रीतील नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. अदारमधील पुरीम होळीच्या सुमारास येई, म्हणून ‘होळीचा सण’. आव महिन्याच्या नवमीचा शोकदिन ‘बिरड्याचा सण’ झाला, वालाच्या बिरड्यावरून. एकोणिसाव्या शतकात हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या नावांची नोंद केली. बॅबिलोनच्या कालव्यांकाठी जे घडले, तेच अरबी समुद्राच्या काठी पुन्हा घडले : दिवस आपला, शब्द शेजाऱ्याचा.

२३/
आव महिन्याची ती नवमी म्हणजे मंदिर जळाल्याचा दिवस. त्याच्या तीन आठवडे आधी, तम्मूजच्या १७ तारखेला, तटबंदी फुटल्याचा उपवास असतो. आता सारे धागे जुळवून पाहावेत. बॅबिलोनने जेरुसलेमची तटबंदी फोडली आणि मंदिर जाळले. त्या विध्वंसाचा शोक ज्या तारखांना केला जातो, त्या तारखांची नावे बॅबिलोनची आहेत आणि त्यांतील एक नाव बॅबिलोनी देवाचे आहे.

२४/
याला पराभव म्हणावे काय? दुमुझीसाठी रडणाऱ्या स्त्रिया इतिहासजमा झाल्या, त्याची मंदिरे मातीखाली गेली, त्याचे स्तोत्र गाणारी भाषा मेली. त्याचे नाव मात्र दर उन्हाळ्यात उच्चारले जाते, आणि उच्चारणाऱ्यांत ज्यांचे शहर त्याच्या भक्तांनी जाळले ते लोकही आहेत. शब्द कोणाचा, याला कालांतराने फारसा अर्थ उरत नाही. त्या शब्दाने कोणती आठवण जागवायची, हे ठरवणारे शिल्लक राहिले की पुरे.

२२ सप्टेंबर २०२५च्या सूर्यास्ताला या पंचांगाचे ५७८६ वे वर्ष सुरू झाले. महिना तिश्री, मूळ बॅबिलोनी ‘तश्रीतू’. अर्थ : आरंभ.

(समाप्त)